दारव्ह्याकडच्या वाड्यातले दोन प्लेट कॅमेरे: '१८६० सालचे' म्हणतात, तपासायचं कसं?

वाटसरू
दारव्हा तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याची आवराआवर चालू आहे. माळ्यावरून काचेच्या प्लेटवर फोटो घेणारे दोन कॅमेरे निघाले. मालक ते एकत्रच विकणार आणि दोन्ही '१८६० सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले' असं सांगतात. रविवारपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. वस्तू समोर आहेत, जे दिसतं ते लिहितो.

पहिला घडीचा, लाकडी, भात्याचा. मागची दुधी काच १२ बाय साडेसोळा सेंटिमीटर. लाकूड सागवान वाटतं, कोपऱ्यांना पितळ. भिंगाच्या पितळी नळीवर इंग्रजीत 'रॅपिड रेक्टिलिनियर ८½ × ६½' एवढंच कोरलंय, कंपनीचं नाव नाही. नळीवर फिरतं कडं आहे, आकडे ४, ८, १६, ३२, ६४, १२८. डार्क स्लाइड (प्लेट ठेवायची उजेडबंद चौकट) एकच. पाटाच्या (खालच्या फळीच्या) पुढच्या कडेला दोन बारीक भोकं आणि त्यांच्यामध्ये फिकट आयत. तिपाई नाही.

दुसरी काळी चौकोनी पेटी, बाहेरून चामड्यासारखं कापड चिकटवलेलं, लांबी साधारण १० इंच. समोर गोल भोक, वर आणि बाजूला काचेची लहान चौकोनी खिडकी, डोक्यावर पितळी खटका. हलवली की आत पत्रा वाजतो. मागचं झाकण उघडलेलं नाही. मोठा घेतला तर ही पेटी 'वरती फुकट' आहे.

मालक विचारतात, पितळ घासून चकचकीत करून देऊ का?

दुधीकाच
वाटसरू भाऊ, आधी त्यांना फोन करा आणि घासणं थांबवा. बाकीचं नंतर.

जुन्या कॅमेऱ्याचं पितळ उघडं नसतं. त्यावर लाखेचं सोनेरी वार्निश असतं, गरम पितळावर ब्रशने चढवलेलं. चिंच-मीठ, राख किंवा भांड्यांची पूड लावली की ते निघतं आणि पितळ आरशासारखं होतं. पाहणाऱ्याला बरं वाटतं, पण जाणकार तिथेच भाव पाडतो, कारण ते वार्निश पुन्हा तसं चढत नाही. कोरलेली अक्षरंही बुजतात. मऊ कोरडं कापड आणि रंगाचा ब्रश, बस.

दुसरं, त्या पेटीचं मागचं झाकण उजेडात उघडू नका. का ते खाली लिहितो, पण आजच्या आज दोरीने बांधून 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावा. घरातली पोरं पहिलं तेच करतात.

काळीमाती
१८६० म्हणून राहिले? मंग त्या काळात प्लेट कशी वापरत होते ते पाहा लागते.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियन या चिकट द्रावाची रीत छापली. काचेवर कोलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, अन् ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा. वाळली की गेली. आपल्याकडच्या उन्हात तर पाच मिनिटंही मिळत नाही. मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची रीत १८७१ मध्ये सांगितली, अन् बाजारात तयार प्लेटा धडाक्यात आल्या १८८० च्या आसपास. प्लेटा बनवणाऱ्या इलफर्डचा कारखानाच १८७९ चा.

म्हणून १८६० चा असल तर ओल्या प्लेटच्या खुणा पाहिजेतच. डार्क स्लाइड एका प्लेटची असते, दोनची नाही. तिच्या आतल्या चार कोपऱ्यांत चांदीच्या तारेचे नाहीतर काचेचे तुकडे असतात, म्हणजे ओली प्लेट लाकडाला टेकत नाही. खालच्या पट्टीत गळती झेलायला पन्हळ असते. अन् सिल्व्हर नायट्रेटचे काळे ओघळ लाकडात मुरलेले असतात, पॉलिश करूनही जात नाहीत. सांडलेल्या शाईवानी.

तुमची स्लाइड पुस्तकासारखी बिजागरीवर उघडते का? मधात काळा पत्रा आहे का? असल तर दोन कोरड्या प्लेटा पाठीला पाठ लावून ठेवायची ते. म्हणजे १८६० बहुतेक तिथंच संपलं.

वाटसरू
पुस्तकासारखीच उघडते, मध्ये काळा पत्रा. ओघळ कुठेच नाहीत. ओढायच्या झडपा मात्र लाकडी नाहीत, प्लायवूडच्या आहेत, कडेला तीन थर स्पष्ट दिसतात.

सुतारपक्षी
प्लायवूडच्या झडपा पाहून माझा तरी कल विसाव्या शतकाकडे. पण नुसत्या झडपेवर निकाल देऊ नका, ती बदललेलीही असू शकते. स्क्रू पाहा.

फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. मूळ बिजागरीत तो दिसला तर निदान ती बिजागरी तरी त्यानंतरची. सरळ खाचेचे असतील तर एक स्क्रू हलकेच काढून बघा, फक्त एक, आणि लपलेल्या जागेचा. खाच डोक्याच्या बरोबर मधोमध नसेल, बारीक असेल, तर तो जुना. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं कानशीवर घासून घ्या. सैल पात्याने खाच फाटते आणि पुढच्या माणसाला 'इथे कुणीतरी हात घातलाय' हे लगेच कळतं.

लाकडाबद्दल: इंग्लंडचा नेहमीचा माल महोगनीचा. सागवान तिथेही वापरत, पण 'ट्रॉपिकल' नावाने, उष्ण देशांसाठी. तिथे सांधे नुसत्या सरसावर सोडत नसत, कारण पावसाळ्यात सरस सुटतो. पितळी पट्ट्या आणि स्क्रू सांध्यावरून घेत. म्हणून सागवान आणि पितळ दिसलं की लोक लगेच 'ट्रॉपिकल, विलायती' म्हणतात. भारतात बनलेले कॅमेरेही सागवानाचेच आहेत, हे सोयीने विसरतात.

ते दोन भोकांमधलं फिकट आयत किती लांब-रुंद?

वाटसरू
साधारण ५ बाय २ सेंटिमीटर. स्क्रू सगळे सरळ खाचेचे, पण सारख्या मापाचे आणि खाच अगदी मधोमध.

दुधीकाच
नावाची पट्टी काढलीय. का काढली याचा अंदाज करा.

केरळातल्या आलेप्पीला 'वागीश्वरी कॅमेरा वर्क्स' होतं. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेलं. त्यांचे सागवान-पितळेचे हाफ प्लेट (तुमच्या दुधी काचेएवढ्या प्लेटचे) फील्ड कॅमेरे देशभरच्या स्टुडिओंत गेले, आणि तालुक्याच्या गावी 'जुना इंग्रजी कॅमेरा' म्हणून जे निघतं त्यात हे बरेच असतात. आराखडा व्हिक्टोरियन, बांधणी हाताची, पण वय साठ-ऐंशी वर्षं. पट्टी राहिली तर १८६० सांगता येत नाही.

तुमचा वागीश्वरीच आहे असं पट्टीशिवाय छातीठोक म्हणणार नाही, कलकत्त्याकडेही कॅमेरे बनत. पण प्लायवूडच्या झडपा, यंत्रावर कापलेले एकसारखे स्क्रू, सागवान आणि उपटलेली पट्टी ही चौकडी एकोणिसाव्या शतकाची नाही. आणि यात कमीपणा काही नाही. वागीश्वरी हा स्वतःच जमवण्याजोगा कॅमेरा आहे, फक्त वागीश्वरीच्या भावात.

पळसफूल
खोक्याचं झालं, आता भिंग. ते वेगळं तपासायचं, कारण स्टुडिओवाल्यांनी शंभर वर्षं एकाचं भिंग दुसऱ्याला लावलंय.

'रॅपिड रेक्टिलिनियर' ही डालमायरची १८६६ ची रचना. पुढे-मागे सारखेच दोन गट, प्रत्येकात दोन काचा डिंकाने जोडलेल्या. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून एका गटात पाहा: दोन ठळक प्रतिबिंबं आणि मध्ये एक अगदी मंद दिसलं पाहिजे. मंद जे आहे तो डिंकाचा सांधा. मागच्या गटातही तसंच. मागच्या गटात चार ठळक दिसली तर काचांमध्ये हवा आहे, म्हणजे ते पेट्झवालचं १८४० चं पोर्ट्रेट भिंग, आणि ते निघालं तर सगळा हिशोब बदलतो. नळीवर वरून चीर असेल, वेगवेगळ्या भोकांचे पत्रे घालायची, तर ते वॉटरहाउस स्टॉप, १८५८ नंतरचे. फिरतं कडं त्याहून अलीकडचं, नेहमीच्या भिंगांत १८८० च्या अखेरीपासून रुळलेलं.

आता आकडे. तुमच्या कड्यावरचा ४ म्हणजे एफ/४, म्हणजे फोकसच्या अंतराच्या चौथाईएवढं भोक, नाही. १८८१ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने 'युनिफॉर्म सिस्टिम' काढली, तिचे आकडे आहेत हे. त्यात ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ म्हणजे एफ/१६, ३२ म्हणजे एफ/२२, ६४ म्हणजे एफ/३२ आणि १२८ म्हणजे एफ/४५. सोळाला दोन्ही जुळतात, म्हणून घोळ लवकर लक्षात येत नाही. विकणारे 'एफ/४ चं दुर्मिळ भिंग' म्हणून याच कड्याचा फोटो टाकतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करा आणि कड्यापासून दुधी काचेपर्यंत टेप लावा. मग कडं ४ वर ठेवून समोरून जेवढं भोक दिसतं त्याचा व्यास घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

वाटसरू
ताई, प्रतिबिंबं दोन्ही गटांत दोन ठळक, एक मंद. अंतर २८ सेंटिमीटर, भोक ३५ मिलिमीटर. ८ आलं.

भाता पूर्ण ताणला की ३५ सेंटिमीटर होतो. भिंगाच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी बारीक झाक आहे, ती बुरशी का?

पळसफूल
बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, फांद्या फुटलेली दिसते. रंगीत झाक म्हणजे कॅनडा बाल्समचा डिंक कडेने सुटतोय. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेल्या भिंगांचा हा नेहमीचा रोग. दोन-तीन मिलिमीटर असेल तर हात लावू नका, फोटोत काही दिसत नाही. मध्यापर्यंत आला असेल तरच काचा सोडवून पुन्हा जोडायच्या, आणि सोडवण्याआधी दोन्ही काचांच्या कडेवरून पेन्सिलने एकच तिरकी रेघ ओढायची, नाहीतर जोडताना त्या मूळ जागी फिरवून बसवता येत नाहीत.

तुमचं भिंग ११ इंची, नळीवर ८½ × ६½ म्हणजे फुल प्लेटसाठी. खोकं हाफ प्लेटचं. म्हणजे भिंग आणि खोकं जन्माचे सोबती नाहीत. पण ही फसवणूक असेलच असं नाही. हाफ प्लेटचा कर्ण ८ इंच, त्यावर ११ इंची भिंग लावलं की चेहरा पोर्ट्रेटला चांगला येतो, स्टुडिओवाले मुद्दाम लावत. तुमच्या ३५ सेंटिमीटरच्या भात्यावर माणूस भिंगापासून १४० सेंटिमीटरपर्यंत जवळ बसवता येईल. अर्ध्या देहाच्या फोटोला एवढं पुरतं.

भिंगाची फळी बाहेर काढून फ्लँजच्या (भिंग बसवायच्या पितळी कड्याच्या) भोवती जुनी, बुजवलेली स्क्रूची भोकं आहेत का पाहा. फळीचं लाकूड बाकीच्यापेक्षा वेगळं असेल तर ती या भिंगासाठी नंतर केलेली.

कापूसकोंड्या
काळी पेटी म्हणजे जत्रेतला मिनिट कॅमेरा तर नाही ना? इकडे यात्रांमध्ये फोटोवाले पेटीच वापरायचे.

काळीमाती
नाही भाऊ. मिनिट कॅमेऱ्याची पेटी मोठी, अन् तिच्या बाजूला हात घालायला कापडाची बाही असते. आत डेव्हलपर (फोटो उमटवायचं औषध) अन् हायपो (तो पक्का करायचं) यांचे दोन डबे, डोकावायला लाल काच. समोर एक दांडी असते, तिच्यावर कागदाची निगेटिव्ह टांगून तिचाच पुन्हा फोटो घेतात. बाही गेली तरी बाहीचं गोल भोक राहते. ते पण भल्याभल्यांनी 'व्हिक्टोरियन' म्हणून विकलं. धंदा सगळा विसाव्या शतकातला आहे.

वाटसरू भाऊच्या पेटीत पत्रा वाजते. ते वेगळं प्रकरण.

दुधीकाच
हो. खटका, दोन खिडक्या आणि पत्र्याचा आवाज: ही 'फॉलिंग प्लेट' पेटी. १८९० च्या दशकात बाजारात आली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. खिडक्या दोन, कारण एक उभ्या फोटोसाठी, एक आडव्यासाठी. आतले आरसे काळवंडतात, ते बदलू नका.

आतलं काम असं. क्वार्टर प्लेट, म्हणजे ३¼ × ४¼ इंचाच्या काचा. प्रत्येक काच पातळ पत्र्याच्या खोळीत, अशा बहुधा १२ खोळी एकामागे एक उभ्या. मागून स्प्रिंगची पाटी त्यांना पुढे रेटते. पहिली काच भिंगासमोर. फोटो झाला की वरचा खटका दाबायचा, पुढची खोळ वरून सुटते आणि तोंडावर पडून तळाच्या खड्ड्यात आडवी होते. मागची पुढे सरकते.

बिघडतं काय तर खोळीचे ओठ वाकतात आणि दोन खोळी एकत्र सुटतात, किंवा एकही सुटत नाही. लोक मग पेटी आपटतात, त्याने काच फुटते आणि तुकडा खोबणीत अडकतो. पेटी तिरकी धरून खटका दाबला तरी खोळ आडवी होत नाही, भिंगासमोर अडकून बसते. गंज असेल तर खोळी काढून, कोरड्या करून, कडांना मेणबत्ती घासायची. तेल अजिबात नाही, तेल काचेवर उडतं आणि धुळीचा चिखल होतो.

आता झाकण का उघडू नका ते. आत काढलेल्या पण न धुतलेल्या प्लेटा असू शकतात. शेवटचे दोन-चार फोटो राहिले आणि पेटी माळ्यावर गेली, असं होतं. शंभर वर्षांनीही कधी कधी त्यावर काहीतरी येतं. झाकण एकदा उजेडात उघडलं की कधीच नाही.

वाटसरू
मग उघडायची कशी?

दुधीकाच
रात्री, बिनखिडकीच्या खोलीत. वाड्यात धान्याची कोठी किंवा माजघर असेलच. दाराच्या फटीला घोंगडं लावा आणि दहा मिनिटं आत नुसते बसा. दहा मिनिटांनी जिथे उजेड दिसतो ती खरी फट. मोबाइल बाहेर, घड्याळ बाहेर. साध्या प्लेटा लाल उजेडाला आंधळ्या असतात, पण १९०६ पासून सगळ्या रंगांना जागी असणारी पँक्रोमॅटिक प्लेटही मिळायला लागली, आणि आत कोणती आहे हे आपल्याला ठाऊक नाही. देवघरातला लाल बल्ब तर मुळीच नाही, तो पिवळाही फेकतो.

पेटी उजव्या हाताला, समोर जाड कापड, डाव्या हाताला रिकामा बूटाचा खोका आणि काळा कागद. झाकण उघडलं की स्प्रिंगची पाटी अंगावर येते, तिला तळव्याने धरा. खोळी एकेक काढून बोटाने चाचपा. रिकामी खोळ हलकी आणि लवचीक, काच असलेली ताठ आणि थंड. तळाचा खड्डाही चाचपा, काढलेले फोटो तिथेच असतात. काचा खोळीतून काढू नका, खोळीसकट काळ्या कागदात दुहेरी गुंडाळा. कागद फोटोपेपरच्या पाकिटातला चालेल, वर्तमानपत्र नाही.

सुतारपक्षी
तोवर मोठ्याच्या दुधी काचेबद्दल एक. फुटून बदललेली असते आणि नव्वद टक्के वेळा, म्हणजे आकडा माझा, ती उलटी बसवलेली असते. खरबरीत बाजू भिंगाकडे पाहिजे. बाहेरून बोट फिरवा, गुळगुळीत लागली पाहिजे. २ मिलिमीटरची काच उलटी असेल तर फोकस सव्वा मिलिमीटरच्या वर चुकतो. एफ/३२ ला ते लपतं, एफ/८ ला सगळे डोळे मऊ येतात आणि माणूस भिंगाला शिव्या देतो.

नवी करायची तर २ मिलिमीटरची साधी काच कापून घ्या, कडा आधी पॉलिश पेपरने मारा. ४०० नंबरची कार्बोरंडमची पूड चिमूटभर, थोडं पाणी, वरून काचेचा लहान ठोकळा, आणि गोल गोल पंधरा-वीस मिनिटं. चरचर थांबली की पूड मेली, नवी घ्या. शेवटी ६०० ने पाच मिनिटं. घासताना पाणी कमी झालं की काच काचेला चिकटते आणि ओढताना ओरखडा जातो.

कापूसकोंड्या
आणि लाकडाला? पॉलिशवाला सोफ्यावर मारतो ते मेलामाइन मारलं तर चमकेल ना?

सुतारपक्षी
चमकेल, आणि कॅमेरा मरेल. ते प्लास्टिकसारखं वर बसतं, सरकणाऱ्या खोबणीत जातं आणि पाट जाम होतो. पुन्हा काढायचं तर खरवडावं लागतं.

जुनं पॉलिश लाखेचं आहे का ते आधी बघा. पाटाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा कापूस टेकवा. चिकट झालं तर लाख. मग दुरुस्तीही लाखेनेच. १२० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) १ लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सुती फडक्यातून गाळा, आत लोकर भरलेल्या फडक्याच्या बोळ्याने अगदी पातळ हात. लाख काही दुरून आणायची नाही, आपल्याच गोंदिया-गडचिरोलीकडच्या पळसावर-कुसुमावर ती होते. पावसाळ्यात मात्र करू नका. हवेतली ओल स्पिरिटात उतरते आणि पॉलिश दुधाळ पडतं.

आणखी एक: श्रावणात डार्क स्लाइड अडकली म्हणून कुणी रंधा मारू नका. लाकूड फुगलंय, बाकी काही नाही. दिवाळीपर्यंत थांबलं की आपोआप सरकते. रंधा मारलेली स्लाइड उन्हाळ्यात आकसली की फटीतून उजेड घेते.

काळीमाती
डार्क स्लाइड एकच आहे, हे घेताना ध्यानात ठेवा. हाफ प्लेट म्हटलं म्हणून एकाची दुसऱ्याला बसत नाही, प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी. स्लाइड नसलेला कॅमेरा म्हणजे शोभेची वस्तू. स्लाइडवर अन् खोक्याच्या आत ठोकलेला आकडा एकच आहे का तेही पाहा.

भाता अंधारात तपासायचा, आत एलईडी टॉर्च घालून. चांदण्या दिसल्या तर बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यावरच दिसतील. काळं सुती कापड बोटाच्या नखाएवढं कापून आतून चिकटवा, भाता अर्धा ताणलेला ठेवून. पूर्ण मिटून चिकटवलं तर ताणताना पुन्हा फाटते. कणकेची खळ नको, कसर अन् झुरळं त्यावर तुटून पडतात. नवा भाताच करायचा तर पट्ट्यांमध्ये २ मिलिमीटर जागा सोडा लागते, नाहीतर घडी बसत नाही.

पळसफूल
ठेवण्याबद्दल थोडक्यात. भिंतीला टेकवून ठेवू नका, उधई भिंतीतून येते. लोखंडी कपाट, आत साधा आर्द्रतामापक, काटा ४५ ते ५५ टक्क्यांत. पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात काहीच नको. उलट मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की फळ्या तडकतात, तेव्हा कपाट टिनाच्या खोलीतून खालच्या माजघरात हलवा. भाता थोडा मोकळा ठेवा, करकचून मिटून नको.

आणि कायद्याचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं ही रेघ आहे. त्याहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मुभा नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. ऑनलाइन कुणी परदेशातून भाव देत असेल तर भुलू नका. खोक्यावर पांढरी नावाची चकती असेल तर ती बहुधा हस्तिदंतासारखी दिसणारी सेल्युलॉइडची असते. खरा हस्तिदंत असेल तर तो विकणंच गुन्हा.

वाटसरू
काल रात्री कोठीत उघडली. खोळी ९ निघाल्या. स्प्रिंगसमोरच्या सातही रिकाम्या. तळाच्या खड्ड्यात दोन, दोन्ही ताठ आणि थंड. खोळीसकट काळ्या कागदात बांधल्या, वर बूटाचा खोका. रिकामी पेटी मग उजेडात पाहिली: आत लाकूड महोगनीसारखं लालसर, स्क्रू सरळ खाचेचे, तीन स्क्रूंच्या खाचा मधोमध नाहीत. भिंग एकेरी काचेचं, समोर फिरती पट्टी, तिला तीन भोकं.

मोठ्याची भिंगाची फळी पाहिली. शिसवीची आहे, भोकं बुजवलेली नाहीत.

दुधीकाच
मग चित्र असं. मोठं खोकं विसाव्या शतकाच्या मधलं, भारतीय. त्यावरचं भिंग १८८१ नंतरचं, कडं पाहता १८९० च्या पुढेमागे, आणि या खोक्याला फळी करून बसवलेलं. फुकटची काळी पेटी १८९० ते १९१० मधली. म्हणजे मालक ज्याला व्हिक्टोरियन म्हणतात ते नाही, आणि जे फुकट देतात ते कदाचित आहे. त्यांना हे सांगा. खोक्याचा भाव स्टुडिओ कॅमेऱ्याचा लावा, भिंगाचा वेगळा धरा आणि पेटीचेही पैसे द्या. वाड्यात अजून काय आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. जुन्या बाटल्या निघाल्या तर मात्र हुंगू नका, स्टुडिओच्या कपाटात सायनाइड आणि पाऱ्याचे क्षार असायचे.

कापूसकोंड्या
त्या दोन प्लेटा धुवायच्या कशात?

पळसफूल
आत्ता नाही. या दिवसांत नळाचं पाणी तीस अंशांवर आहे, जुनं जिलेटिन कडेने सुटून झालरीसारखं निघेल. पौषात करा. विहिरीचं पाणी थंडीत उलट कोमट असतं, ते घेऊ नका. घमेल्यात भरून रात्रभर अंगणात ठेवलेलं घ्या आणि थर्मामीटरने १८ अंश बघा.

एका वेळी एकच प्लेट, पूर्ण अंधारात. कोणती बाजू मसाल्याची (जिलेटिनची) ते कळायला कोपरा ओलसर ओठाला टेकवा, चिकटते ती. ती वर ठेवा. डेव्हलपर एचसी-११०, १ भाग औषध आणि ३१ भाग पाणी, त्यात १ टक्का बेंझोट्रायझोलचं द्रावण लिटरमागे १० मिली, म्हणजे जुनाटपणाची काळी झाक दबते. सहा मिनिटं, ताट सतत हलवत. मग साध्या पाण्यात दोनदा नीट धुवा, नाहीतर पुढच्या ताटात गाळ बसतो. पुढचं ताट तुरटीचं, लिटरला ५० ग्रॅम, पाच मिनिटं, जिलेटिन कडक व्हायला. पुन्हा पाणी, मग हायपो लिटरला २५० ग्रॅम, पंधरा मिनिटं. दहाव्या मिनिटानंतर दिवा लावायला हरकत नाही. शेवटचं धुणं अर्धा तास, पाणी बदलत, नळाची धार प्लेटवर नको. वाळवताना उभी, पंखा बंद.

पहिल्या प्लेटवर नुसती काळी झाक आली तर दुसरी लगेच धुवू नका. इथे फोटो टाका, वेळ आणि बेंझोट्रायझोल किती बदलायचं ते पाहू.

वाटसरू
ठीक. बूटाच्या खोक्यावर 'पौष' लिहून ठेवलं. तीन खोळी कमी आहेत, क्वार्टर प्लेटच्या फुटकळ खोळी कुणाकडे असतील तर सांगा. आधी ओठाची लांबी मोजून इथे टाकतो, कारण त्याही प्रत्येक पेटीच्या वेगळ्या असणार.

काळीमाती
वेगळ्याच असतात. ओठ अन् वरची खाच, दोन्ही मोजा.